लॅव्हनमची हाय स्ट्रीट : वाकडी घरं, निळं कापड आणि पैसा आटल्यामुळे वाचलेलं गाव

खाडीकाठ :
मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज रविवार आहे आणि सकाळपासून पाऊस लागलाय म्हणून बसलोच एकदाचा. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात लॅव्हनम नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आत. चर्चपासून बाजारचौकापर्यंत रमतगमत चाललात तरी पंधरा मिनिटं लागत नाहीत. पण एवढ्याशा गावात तीनशेच्या वर इमारती संरक्षित यादीत आहेत, आणि त्यातल्या कितीतरी चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या, लाकडी सांगाड्याच्या, आणि आत माणसं राहतायत. म्युझियम नाही, घरं आहेत, दाराशी सायकली आहेत, खिडकीत मांजरं आहेत.

मी इप्सविचला राहतो, तिथून पाऊण तास गाडीने. गेल्या सहा वर्षांत किती वेळा गेलो असेन मोजलं नाही. आमचे आजोबा राजापूरकडचे सुतार, लहानपणी त्यांच्या पुढ्यात बसून लाकडाचे ढलपे गोळा केलेत, त्यामुळे कुठेही जुनं लाकूड दिसलं की माझा हात आपोआप सांध्यावर जातो. पहिल्यांदा हाय स्ट्रीटवर उभा राहिलो तेव्हा असं वाटलं की आजोबांना इथे आणायला हवं होतं, भाषा नसती कळली पण घरं वाचता आली असती त्यांना.

रस्ता असा आहे बघा. दक्षिणेला टेकाडावर सेंट पीटर अँड सेंट पॉलचं चर्च, त्याचा मनोरा १४१ फूट उंच, चकमकीच्या दगडाचा, गावाच्या मानाने अवाढव्य. तिथून उतरत आलं की कोपऱ्यावर स्वान हॉटेल लागतं, तिथे उजवीकडे वॉटर स्ट्रीट फुटते आणि सरळ जाते ती हाय स्ट्रीट. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, खालचा मजला आत, वरचा हातभर बाहेर. रंग म्हणाल तर फिकट गुलाबी, पिवळट, पांढरा, आणि एक अगदी नारिंगी, त्या घराचं नावच 'क्रुकेड हाऊस', ते इतकं कललंय की फोटो काढताना मोबाईल तिरका धरलाय की घर तिरकं आहे हेच कळत नाही.

घरं वाकडी का झाली? तर ओक ओला असतानाच वापरायचे. वाळलेला ओक लोखंडासारखा कडक होतो, पटाशी चालत नाही, म्हणून झाड तोडलं की वर्ष-दोन वर्षांत घर उभं. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची, मुख्य सांगाड्यात खिळा नाही. मग घर उभं राहिल्यावर लाकूड वाळत जातं, आकसतं, पीळ खातं आणि सांधे उलट आणखी घट्ट होतात. म्हणजे जे वाकडं दिसतंय ते पडायला आलेलं नाही, ते केव्हाच आपल्या जागी बसलंय. त्यात नंतरच्या लोकांनी खिडकी मोठी करायची म्हणून मधले तिरके आधार कापले, जमीन कुठे खचली, ते वेगळं. पण मूळ वाकडेपणा लाकडाच्या स्वभावाचा.

आणि दोन खांबांच्या मधे काय असतं माहितीये? काठ्यांची विणलेली जाळी आणि त्यावर माती, गवत, शेण कालवून केलेला लेप. म्हणजे कूड! आमच्या गावी कारवीच्या काठ्या, इथे हेझलच्या, बाकी कृती तीच. बाजारचौकातल्या गिल्डहॉलमध्ये (गिल्ड म्हणजे जुन्या काळचं धार्मिक मंडळ, त्याची इमारत) भिंतीचा एक तुकडा उघडा ठेवलेला बघितला तेव्हा मी बायकोला म्हटलं हा तर आपला गोठा.

पुढचं जरा जेवून आल्यावर लिहितो, मुख्य गोष्ट राहिलीच आहे, हे सगळं टिकलं कसं.

मीनल_सातारा :
वा! फार छान सुरुवात. मी कधी नाव पण ऐकलं नव्हतं. लवकर लिहा पुढचं.

सूतगिरणी :
खाडीकाठ, तुम्ही लाकडाबद्दल लिहिलंत, मी कापडाबद्दल लिहितो, कारण हे गाव मुळात कापडाचं. मी इचलकरंजीचा, टेक्स्टाईल इंजिनियर, लेस्टरला तीन वर्षं होतो तेव्हा मुद्दाम जाऊन आलोय.

लॅव्हनमचं प्रसिद्ध कापड म्हणजे निळं ब्रॉडक्लॉथ. लोकरीचं, जाड, रुंद पन्ह्याचं. याची गंमत अशी की लोकर आधी रंगवायची, मग कातायची, मग विणायची, त्यामुळे रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातो आणि उडत नाही. निळा रंग यायचा वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून. आणि त्या पानात रंगद्रव्य कोणतं? आपल्या नीळेत असतं तेच! फक्त नीळेत कितीतरी जास्त असतं, म्हणून पुढे भारतातून नीळ जायला लागल्यावर युरोपातले वोडवाले शेतकरी हवालदिल झाले, काही ठिकाणी नीळेवर बंदीसुद्धा घातली होती. पण लॅव्हनमच्या भरभराटीच्या काळात अजून नीळ तिथवर पोचली नव्हती, सगळं वोडवर.

विणून झालं की कापड कुटायचं. पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे, त्यात कापड, पाणी आणि मुलतानी माती, तेलकटपणा काढायला. (हो, तीच चेहऱ्याला लावायची, इंग्रजीत तिचं नावच कापड कुटणाऱ्याची माती असं आहे.) कुटून कुटून कापड आटतं, धागे एकमेकांत गुंततात आणि वारा आत शिरत नाही असं होतं. मग चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं, काटेरी बोंडांनी घासून लव वर काढायची आणि लांबलचक कात्रीने ती सारखी कापायची. एवढी माणसं लागायची एका ठाणामागे, कातणाऱ्या बायका तर आजूबाजूच्या प्रत्येक खेड्यात.

वॉटर स्ट्रीटच्या खालून आजही ओढा वाहतो, विटांच्या जुन्या बोगद्यातून. रस्त्यावरून जाताना दिसत नाही, पण ते पाणी होतं म्हणून तर तिथे रंगारी नि कापडवाले वसले.

खाडीकाठ :
सूतगिरणी, मुलतानी मातीचं माहीत नव्हतं, क्या बात है. तुमच्या मुद्द्यावरूनच पुढे नेतो.

तर १५२० च्या सुमारास हे खेडं अख्ख्या इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत वीस गावांत होतं. यॉर्क, लिंकन अशी मोठी शहरं, त्यांच्यापेक्षा लॅव्हनमचा कर जास्त. सगळ्यात मोठा व्यापारी थॉमस स्प्रिंग, त्याला लोक 'रिच क्लोदियर'च म्हणायचे, १५२३ साली वारला आणि जाताना चर्चच्या मनोऱ्यासाठी २०० पौंड ठेवून गेला. चर्चची मोठी उभारणी साधारण १४८५ ते १५२५ मधली, काही पैसा गावाचा जमीनदार ऑक्सफर्डचा अर्ल डी व्हिअर याच्या बाजूने, काही कापडवाल्यांचा. मनोऱ्याच्या दगडात डी व्हिअर घराण्याचा तारा आणि स्प्रिंगची चिन्हं दोन्ही कोरलेली दिसतात. सरदार नि व्यापारी एकाच भिंतीवर.

बाजारचौकातला कॉर्पस क्रिस्टी गिल्डचा गिल्डहॉल साधारण १५३० चा, लाकडाच्या वर्षवलयांवरून ती तारीख ठरवली आहे. आणि आता बघा, हा गिल्डहॉल बांधून पुरती वीस वर्षं होत नाहीत तोवर १५४७ मध्ये अशी धार्मिक मंडळं कायद्यानेच बंद झाली. आणि कापडाचा धंदा तर त्याच्या आधीपासूनच घसरत होता. जड ब्रॉडक्लॉथची मागणी कमी झाली, पुढे नेदरलँड्सकडून आलेले निर्वासित विणकर कोलचेस्टरला बसले आणि त्यांचं हलकं, स्वस्त कापड लोकांना आवडायला लागलं. लॅव्हनमचं दुकान बसलं ते बसलंच.

मला जे सांगायचंय ते हेच की पैसा आटला म्हणून ही घरं राहिली. ज्या गावांकडे पुढेही पैसा होता त्यांनी लाकडी घरं पाडून विटांची बांधली, नाहीतर निदान समोरची बाजू तरी विटांची करून घेतली. इथे काही मोजक्यांनी केली, हाय स्ट्रीटवर अठराव्या शतकातल्या सरळ विटांच्या दर्शनी भिंती आहेत आणि बाजूच्या बोळात शिरून बघितलं की मागे तोच जुना कललेला लाकडी सांगाडा. पण बहुतेकांना तेवढंही परवडलं नाही. भोक पडलं की माती लिंपली, चुना फासला, चालू. मोठ्या घरांचे तुकडे पाडून चार चार कुटुंबं राहिली. आपण आज ज्याला सुंदर म्हणतो ते तीनशे वर्षांच्या गरिबीने सांभाळलेलं आहे, हे मला त्या रस्त्यावर उभं राहिलं की दर वेळी आतून जाणवतं.

तळटीप :
लेख आवडला, पण एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. त्या श्रीमंतीच्या काळातसुद्धा गावातले सगळे श्रीमंत नव्हते. आपण घरं बघतो ती व्यापाऱ्यांची. कातणाऱ्या आणि विणणाऱ्या गरिबांच्या झोपड्या सहसा उरत नाहीत.

१५२५ ची हकिगत सांगते. आठव्या हेन्रीला फ्रान्सवर स्वारी करायची होती, त्याच्या वूल्झी नावाच्या मंत्र्याने पार्लमेंटला न विचारता कर लावला, सामान्यांच्या मालमत्तेचा सहाव्या हिश्शापर्यंत आणि धर्मगुरूंचा तिसऱ्या हिश्शापर्यंत. कापडवाल्यांनी सांगितलं की आमच्याकडे आता मजुरीला पैसे नाहीत, आणि कामगारांना घरी बसवलं. मग लॅव्हनम, सडबरी आणि आजूबाजूच्या खेड्यांतून हजारो माणसं जमली. राजाकडून नॉरफोकचा ड्यूक बोलणी करायला आला आणि त्याने विचारलं तुमचा पुढारी कोण. तेव्हा जॉन ग्रीन नावाचा एक माणूस पुढे झाला आणि म्हणाला की आमच्या पुढाऱ्याचं नाव दारिद्र्य, त्याने आणि त्याच्या गरज नावाच्या भावाने आम्हाला इथवर आणलं. जुन्या बखरीत ही नोंद आहे. मी इतिहास शिकवते, दर वर्षी वर्गात हे वाचताना माझा आवाज बदलतो.

आणि राजाला माघार घ्यावी लागली. कर रद्द झाला.

त्यामुळे त्या रस्त्यावर उभं राहिलं की मला खांब आणि तुळया दिसतात तशीच ती माणसं पण दिसतात.

खाडीकाठ :
तळटीप ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. मी कराचं वाचलं होतं पण जॉन ग्रीनचं उत्तर माहीत नव्हतं. आणि झोपड्या उरत नाहीत हे अगदी खरं, आमच्या गावी पण खोताचं घर उभं आहे, बाकीच्यांची नाहीत.

पुणेरी_पगडी७ :
क्रुकेड हाऊसबद्दल मी ऐकलंय की ते इंग्रजी बालगीत आहे ना वाकड्या माणसाचं, ते याच घरावरून आलं. खरं का?

खाडीकाठ :
गावात तसं सांगतात, दुकानात पाटीही बघितली. पण त्या गाण्याच्या उगमाबद्दल इतर दावेही आहेत आणि या घराशी नातं जोडणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. मला विचाराल तर त्या घराला गाण्याची गरज नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडचं घर आहे ते, तेवढं पुरेसं आहे.

दगडूशेठ_लंडन :
आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो मुलांना घेऊन. स्वानच्या बारमध्ये भिंतीवर सह्या आहेत, काचेआड जपलेल्या, त्या बघितल्या का कोणी? दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारी अमेरिकन विमानतळ होता, १९४४-४५ मध्ये ४८७ वी बॉम्ब ग्रुप (बॉम्बफेकी विमानांची तुकडी) तिथे होती, ती पोरं संध्याकाळी इथे यायची आणि भिंतीवर सही करायची. वीस-बावीस वर्षांची पोरं. बुटाच्या आकाराचा मोठा काचेचा पेला होता, साडेतीन पाइंटचा, तो एका दमात कोण किती सेकंदात संपवतो त्याची नावं आणि वेळ पण भिंतीवर.

त्यांचा एक ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक कॅसल, २४ डिसेंबर १९४४ ला याच विमानतळावरून उडाला. बेल्जियमवर विमानाला आग लागली, खाली स्वतःचंच सैन्य होतं म्हणून बॉम्ब टाकून हलकं व्हायला नकार दिला आणि बाकीच्यांना उडी मारता यावी म्हणून शेवटपर्यंत स्टिअरिंग धरून बसला. मेडल ऑफ ऑनर मिळालं मरणोत्तर. माझा मोठा मुलगा त्या सह्यांसमोर बराच वेळ उभा होता, एक एक नाव वाचत. मी काही बोललो नाही.

मीनल_सातारा :
वाचून काटा आला.

कडीपाट :
मी जरा व्यवहाराचं लिहिते, कारण मला अनुभव आहे आणि तो महागात पडलाय. आम्ही एसेक्समध्ये १६०० च्या आसपासचं लाकडी सांगाड्याचं एक छोटं घर घेतलं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित यादीतलं. घेताना खूप प्रेमात होतो. भिंतीला बाहेरून ओल दिसली तेव्हा एका बिल्डरला बोलावलं, तो म्हणाला जुना गिलावा कुजलाय, सिमेंटचा करून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. आम्ही हो म्हटलं. चार वर्षांत खालची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात ना, ती आतून स्पंजसारखी झाली. बोट घातलं तर बोट आत गेलं. मी तिथेच खाली बसले.

नंतर एका जाणत्या कारागिराने समजावलं. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, पाऊस आला की थोडा भिजतो आणि वारा आला की वाळतो. सिमेंट भिजत नाही पण त्याला बारीक चिरा जातात, लाकूड हलतं ना, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. मग ते पाणी लाकडातच बसतं. चुन्याचं घर आणि सिमेंटचं घर यांचे नियमच वेगळे आहेत. आम्हाला सगळं सिमेंट काढून, कुजलेला भाग कापून तिथे नवीन ओक जोडून, परत चुन्याने लिंपावं लागलं. आणि वर कळलं की आधीच्या कामाला परवानगीच घेतलेली नव्हती, लिस्टेड इमारतीत विनापरवानगी बदल हा इथे फौजदारी गुन्हा आहे. नोटीस येईपर्यंत झोप नव्हती. शेवटी योग्य काम करून घेतो म्हटल्यावर सुटलो.

म्हणून इथे कोणी जुनं घर घ्यायचा विचार करत असेल तर आधी चुना शिका. मनापासून सांगतेय.

खाडीकाठ :
कडीपाट, हे वाचून पोटात कालवलं. आजोबा पण हेच म्हणायचे, लाकडाला पाण्याची भीती नसते, कोंडण्याची असते. आणि जोडकाम करून घेतलंत हे फार चांगलं केलंत, कुजलेलं तेवढंच कापायचं आणि नवीन लाकूड सांध्याने जोडायचं, हीच इथली पद्धत. लॅव्हनमला बारीक बघितलंत तर अशी ठिगळं जागोजाग दिसतील, जुनं लाकूड करडं चंदेरी आणि मधेच हातभर तुकडा जरा पिवळसर.

रंगाबद्दल पण एक. आपल्या डोक्यात इंग्लंडची जुनी घरं म्हणजे काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती. सफोकमध्ये तसं नव्हतं, इथे ओक तसाच सोडायचे किंवा लाकूड भिंत सगळ्यावरून चुना फिरवायचे, कधी रंग मिसळून. लाकडाला काळं फासायची हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली. लॅव्हनममध्ये ते काळं फारसं नाही, हे मला फार आवडतं.

वांद्रे_ते_बाथ :
बाकी सगळं ठीक पण एक बाजू कोणीच लिहीत नाहीये. तिथे राहणाऱ्यांचं काय? घरांच्या किमती अशा की गावातल्या मुलांना गावात घर घेता येत नाही, बरीच घरं सुट्टीपुरती भाड्याने देतात, हिवाळ्यात मंगळवारी संध्याकाळी गेलात तर कितीतरी खिडक्यांत अंधार. डबल ग्लेझिंग बसवायचं तर कटकट, सोलर बसवायचं तर कटकट. आणि हाय स्ट्रीट म्हणजे ए ११४१ नंबरचा मुख्य रस्ता, त्यावरून ट्रक जातात, एकदा तर माझ्यासमोर एक लॉरी वरच्या पुढे आलेल्या मजल्याला घासता घासता वाचली. आपण पाहुणे म्हणून जातो, फोटो काढतो, चहा पितो, परत येतो.

तळटीप :
मुद्दा बरोबर आहे. मला वाटतं घर टिकवणं आणि त्यात गावचं माणूस टिकवणं ही दोन कामं आहेत आणि दुसऱ्याला अजून नीट कायदा नाही.

खाडीकाठ :
वांद्रे, मान्य. खिडक्यांतला अंधार मी पण बघितलाय आणि तो टोचतो. पण परवानग्यांच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूने बोलेन, कारण तो कायदा नव्हता तेव्हा काय झालं ते लॅव्हनमलाच घडलंय.

लेडी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वूल हॉल नावाची इमारत आहे, पंधराव्या शतकातली, तीसुद्धा एका गिल्डची. १९११ मध्ये ती विकली गेली आणि चक्क उकलून नेली. खुंट्या काढल्या, लाकडं वेगळी केली, आणि लांब अॅस्कॉटला नेऊन उभी करायचा बेत होता. आता लाकडी घराचं हे असं आहे, ते पाडत नाहीत, सोडवतात, सोडवलं की गाडीवर घालून कुठेही नेता येतं. तेव्हा श्रीमंत लोक असं करायचे, जुनं घर विकत घ्यायचं आणि आपल्या बागेत उभं करायचं. पण गावात ओरड झाली. इतकी झाली की ती लाकडं परत आली आणि जिथून उचलली तिथेच पुन्हा उभी केली. आज ती स्वान हॉटेलचा भाग आहे, १९६० च्या दशकात जोडली.

मी तिथे आत बसून चहा घेतलाय, वर बघत. माझ्या डोळ्यासमोर ते उतरवलेले वासे ओळीने जमिनीवर ठेवलेले येतात आणि गावातली माणसं त्याच्याभोवती उभी.

गिल्डहॉलचं पण तसंच. गिल्ड गेल्यावर तो टाऊन हॉल झाला, मग तुरुंग, मग गरिबांना ठेवायचं वर्कहाऊस, मग कोठार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्विल्टर नावाच्या धनिकाने घेऊन दुरुस्त केला आणि १९५१ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. शेजारचं लिटल हॉल म्हणजे केशरी-पिवळं घर, ते गेयर-अँडरसन आडनावाच्या जुळ्या भावांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घेऊन दुरुस्त केलं, दोघेही लष्करातले. त्यातल्या रॉबर्टचं नाव काहींनी ऐकलं असेल, ब्रिटिश म्युझियममधली ती ब्राँझची इजिप्शियन मांजर त्याच्याच नावाने ओळखली जाते. दोघांनी मिळून भारतीय चित्रं पण बरीच जमवली होती, ती नंतर ऑस्ट्रेलियाला दिली.

आणि विजेच्या तारा. तुम्ही लॅव्हनमचे फोटो बघा, खांब नि वायरी दिसत नाहीत, १९६० च्या दशकातच जमिनीखाली घेतल्या. माझ्या मते गावासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती, कारण ती दिसतच नाही.

सूतगिरणी :
मधला काळ राहिला तुमचा. कापड गेल्यावर गाव अगदीच रिकामं नव्हतं, एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या केसांचं कापड विणायचे तिथे, खुर्च्या-सोफ्यांना लावायला. १८६५ ला रेल्वे पण आली आणि १९६१ ला प्रवासी गाड्या बंद झाल्या. विणकरांचा हात पूर्ण कधी सुटला नाही एवढंच म्हणायचंय.

मीनल_सातारा :
आम्ही ऑगस्टमध्ये मुलाकडे येतोय लंडनला, गाडी नाही. जाता येईल का? नवऱ्याचे गुडघे दुखतात, चढ किती आहे?

खाडीकाठ :
येईल की मीनल ताई. लिव्हरपूल स्ट्रीटवरून मार्क्स टे, तिथे बदलून सडबरी, आणि सडबरीहून बस. रविवारी बसचं बघून निघा. चर्चकडे थोडा चढ आहे, बाजारचौकात जायलाही जरा चढ आहे, पण बाकं आहेत, काका बसत बसत येतील. सकाळी लवकर पोचा, अकराच्या आत, म्हणजे रस्ता मोकळा मिळतो आणि हाय स्ट्रीटच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या बाजूवर ऊन असतं, त्या उन्हात लाकडाच्या शिरा दिसतात. घरांच्या खिडक्यांत डोकावू नका एवढंच, लोक राहतात.

कडीपाट :
आणि मीनल ताई, वसंतात गेलात तर जुन्या घरात टकटक ऐकू येते, लाकूड पोखरणारा एक भुंगेरा आहे, तो डोकं आपटून जोडीदाराला बोलावतो. ऑगस्टमध्ये नाही ऐकू येणार. आमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री येते, पहिल्या वर्षी मी घाबरले होते, आता आवाज कुठून येतोय ते मोजून कारागिराला कळवते.

दगडूशेठ_लंडन :
खाडीकाठ, तुमचा धागा वाचून काल परत जाऊन आलो, यावेळी फक्त सांधे बघायला. एक विचारायचं होतं. गिल्डहॉलच्या आतल्या लाकडांवर पटाशीने मारलेल्या रेघा आहेत, रोमन आकड्यांसारख्या, दोन उभ्या, मग एक फुली, असं काहीतरी. ते काय?

खाडीकाठ :
अहो तेच तर! मी लिहायचंच विसरलो. घर आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवं मांडून जुळवायचे. प्रत्येक खाच आणि तिची जीभ यांना एकच आकडा, मग सगळं सोडवून गाडीवर घालून जागेवर न्यायचं आणि आकड्याला आकडा लावत उभं करायचं. रोमन आकडे कारण पटाशीने सरळ रेघ मारणं सोपं, गोल मारता येत नाही.

आमच्या पडवीत आजोबांनी बांधलेल्या माळ्याच्या वाशांवर असेच घाव आहेत. एक घाव, दोन घाव, तीन घाव, आणि पाचव्याला तिरका. मी लहानपणी विचारलं होतं हे काय म्हणून, तर म्हणाले तुझ्यासाठी नाही रे, लाकडाला कळायला. पुढच्या वेळी जाल तेव्हा जोडीचा दुसरा आकडा शोधा, सहसा अगदी जवळच असतो, सांध्याच्या त्याच बाजूला. बोट ठेवून बघा एकदा, ट्रस्टचे लोक हात लावू देत असतील तिथेच अर्थात.

दगडूशेठ_लंडन :
सापडला. काल काढलेल्या फोटोत मोठा करून बघितलं, तुळईवर सात आणि खांबावर पण सात.